राऊटरचं फर्मवेअर कोण अपडेट करतंय, ते आधी शोधा

विश्रामबागमधल्या एका ताईंनी विचारलंय. घरी केबलवाल्याचं फायबर आहे, त्यांचा तो छोटा पांढरा डबा आणि त्याला जोडलेला स्वतःचा राऊटर, २०१८ ला घेतलेला. मिस्टरांची मार्केट यार्डात हळदीची आडत, रात्री घरी बसून टॅली आणि बँकेचं काम चालतं, मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते, शिवाय कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर त्याच राऊटरला. वायफायचा पासवर्ड चांगला लांबलचक ठेवलाय, कॉम्प्युटरला अँटीव्हायरस आहे. आता भाचा म्हणतोय की राऊटरच्या फर्मवेअरमध्येच भोकं असतात, पासवर्ड कितीही मोठा ठेवा काय उपयोग नाही. हे खरं का, आणि मग राऊटर बदलायचा का?

ताई, भाचा बरोबर बोलतोय, फक्त "काय उपयोग नाही" एवढं सोडून. वायफायचा पासवर्ड शेजारच्याला आणि रस्त्यावर गाडी लावून बसलेल्याला अडवतो, तेवढं त्याचं काम, आणि ते तो नीट करतो. पण राऊटरवर जे हल्ले होतात त्यातले बहुतेक वायफायकडून येतच नाहीत, ते इंटरनेटच्या बाजूनं येतात, आणि त्यांना तुमचा वायफाय पासवर्ड विचारायची गरजच पडत नाही. अँटीव्हायरस तर कॉम्प्युटरच्या आत बघतो, राऊटरच्या आत काय चाललंय हे त्याला दिसत नाही.

मी सांगली-मिरज-कुपवाड भागात नेटवर्किंगची कामं करतो, घरं, दवाखाने, एमआयडीसीतली छोटी युनिटं, आणि जवळपास सगळीकडे एकच गोष्ट दिसते की राऊटर एकदा लावला की तो जळेपर्यंत त्याच्याकडं कुणी बघत नाही. मोबाईलला अपडेट आलं की आपण करतो, विंडोज तर स्वतःच मागं लागतं, पण राऊटर गप्प बसलेला असतो. तो पण पूर्ण कॉम्प्युटरच आहे, त्यात प्रोसेसर आहे, रॅम आहे, आणि बहुतेकांत लिनक्स चालतं, कधीकधी घेतला त्या दिवशीच कित्येक वर्षं जुनं असलेलं लिनक्स. ते लिनक्स, वायफायचा ड्रायव्हर, आणि आपण ब्राऊझरमध्ये उघडतो ते सेटिंगचं पान, हे सगळं मिळून फर्मवेअर.

आता भोक म्हणजे नेमकं काय ते एका उदाहरणानं सांगतो, म्हणजे नुसती भीती वाटणार नाही, समजेल. टीपी-लिंकचा आर्चर एएक्स२१ नावाचा राऊटर आहे, चांगला खपलेला. त्याच्या सेटिंगच्या पानावर भाषा आणि देश निवडायची सोय आहे. तुम्ही देश निवडला की राऊटर तो शब्द घेऊन आतमध्ये एका कमांडमध्ये जसाच्या तसा चिकटवत होता, तपासत नव्हता. मग कुणीतरी देशाच्या नावाच्या जागी स्वतःची कमांडच पाठवली की राऊटर ती इमानदारीत चालवायचा, ती पण सगळ्यात वरच्या अधिकारानं, आणि त्यासाठी लॉगिन करावंच लागत नव्हतं. म्हणजे तुमचा अ‍ॅडमिन पासवर्ड काहीही असो. सीव्हीई-२०२३-१३८९ हा त्या भोकाचा जागतिक यादीतला नंबर. कंपनीनं मार्च २०२३ मध्ये दुरुस्त केलेलं फर्मवेअर दिलं, आणि एप्रिलमध्येच मिराई नावाचं मालवेअर पसरवणारे तेच भोक वापरून राऊटर ताब्यात घ्यायला लागले. बघा, दुरुस्ती आधी आली आणि हल्ला नंतर. ज्यांनी अपडेट केलं ते सुटले. फर्मवेअर अपडेट कशाला करायचं याचं उत्तर मला याच्याहून चांगलं देता येत नाही.

दुसरी गोष्ट लोक विचारतात, मग कुठल्या कंपनीचा घेऊ म्हणजे असं होणार नाही. कंपनीवर थोडं अवलंबून आहे पण वाटतं तितकं नाही. राऊटर बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आतली चिप आणि तिच्याबरोबरचं मूळ सॉफ्टवेअर दुसऱ्याकडून घेतात, वर फक्त स्वतःचं पान आणि लोगो, एकाच गिरणीतलं पीठ वेगवेगळ्या पिशव्यांत भरून विकल्यासारखं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिअलटेकच्या अशाच मूळ सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडली तर निदान ६५ कंपन्यांची उपकरणं एका झटक्यात त्यात आली. म्हणून मी ब्रँड बघण्याआधी हे बघतो की कंपनी जुन्या मॉडेलला किती दिवस अपडेट देते.

आणि ताब्यात घेऊन करतात काय, आमच्या घरात काय ठेवलंय, असं पण विचारतात. त्यांना तुमच्या घरातलं काही नकोच असतं बहुतेक वेळा, त्यांना तुमचं कनेक्शन पाहिजे असतं. २०१६ च्या मिराईनं कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर गोळा केले, साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन टाईपच्या, आणि त्या फौजेनं २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन नावाच्या डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या, कंपनीवर असा मारा केला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स वगैरे मोठमोठ्या साईट अडकल्या. पुढच्याच महिन्यात जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट गेलं, तिथं तर राऊटर ताब्यात पण आले नव्हते, नुसत्या हल्ल्याच्या प्रयत्नानंच कोलमडले. लांबचं कशाला, जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलचे ब्रॉडबँड मोडेम मालवेअरनं हजारोंनी बंद पाडले, कारण त्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. हल्ली अजून एक धंदा वाढलाय, असे राऊटर भाड्यानं देण्याचा, म्हणजे कुठला तरी भामटा तुमच्या राऊटरमधून बाहेर पडतो आणि समोरच्याला वाटतं हा माणूस सांगलीतनं बोलतोय. मे २०२५ मध्ये एफबीआयनं जुन्या, अपडेट बंद झालेल्या राऊटरबद्दल जो इशारा दिला तो याच प्रकारासाठी होता. चौकशी लागली तर पत्ता कनेक्शन ज्याच्या नावावर त्याचा निघतो हे लक्षात ठेवा.

मात्र एक प्रकार असा आहे ज्यात तुमच्या घरचंच नुकसान होतं, तो डीएनएसचा. कुपवाडमध्ये एका वर्कशॉपमधून बोलावणं आलं होतं, ऑफिसातल्या लॅपटॉपवर बँकेची साईट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही असा लाल इशारा यायचा, मालकाच्या मोबाईलवर पण तेच, पण वायफाय बंद करून मोबाईल डेटावर उघडलं की सगळं व्यवस्थित. व्हायरस समजून एका लॅपटॉपला फॉरमॅट पण मारून झालेला. मी लॅपटॉपला हात न लावता राऊटरचं पान उघडलं, डीएचसीपीमध्ये, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये, गेलो, तर पहिल्या डीएनएसच्या जागी कुठलातरी परदेशातला अनोळखी पत्ता आणि दुसऱ्या जागी गुगलचा ८.८.८.८. दुसरा मुद्दाम चांगला ठेवलेला, म्हणजे पहिला कधी बंद पडला तरी नेट चालू राहतं आणि कुणाला शंका येत नाही. डीएनएस म्हणजे साईटचं नाव दिलं की तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा, ती यंत्रणाच चोराची असेल तर तुम्ही बँकेचं नाव अगदी बरोबर टाईप केलं तरी तो दुसरीकडंच पाठवणार. त्या ब्राऊझरनं लाल इशारा दिला म्हणून वाचले. तो इशारा घरातल्या एकाच उपकरणावर येत असेल तर त्या उपकरणात बघा, तारीख-वेळ चुकली असली तरी येतो, पण घरातल्या सगळ्यांवर येत असेल तर राऊटरमध्ये बघा, आणि तोपर्यंत "तरीही पुढे जा" वर अजिबात क्लिक करू नका, मिस्टरांना हे आवर्जून सांगा. कधी पैसे गेलेच तर आधी १९३० ला फोन, राऊटर नंतर.

आता तुमच्या घराकडं येतो. तुमच्याकडं दोन डबे आहेत म्हणजे दोन फर्मवेअर आहेत, आणि दोघांचे मालक वेगळे.

केबलवाल्याचा पांढरा डबा, ज्यात फायबरची पिवळी किंवा काळी बारीक वायर जाते, त्याला ओएनटी म्हणतात. त्याचं फर्मवेअर बहुतेक वेळा तुम्हाला मिळतच नाही, ते ऑपरेटरनं लांबून टाकायचं असतं, त्यासाठी टीआर-०६९ नावाची सोय असते. मोठ्या कंपन्या ते करतात, गावातले छोटे ऑपरेटर काही करतात, काही करत नाहीत. म्हणून त्यांना सरळ विचारा, या मॉडेलला शेवटचं फर्मवेअर कधी टाकलं, आणि अ‍ॅडमिन लॉगिनचा पासवर्ड सगळ्या ग्राहकांना एकच आहे का. ऐकायला भांडण काढल्यासारखं वाटेल पण हा तुमचा हक्काचा प्रश्न आहे. हे डबे पण सुटलेले नाहीत, २०१८ मध्ये दासान कंपनीच्या जीपॉन, म्हणजे फायबरच्या, डब्यांत असं सापडलं होतं की पानाच्या पत्त्याच्या शेवटी एक छोटा तुकडा जोडला की लॉगिनच मागत नव्हता. ऑपरेटर म्हणाला की मॉडेल जुनं आहे आणि अपडेट येत नाही, तर डबा बदलून मागा, किंवा त्यांना तो ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो फक्त प्रकाशाचं सिग्नलमध्ये रूपांतर करेल आणि इंटरनेटला तोंड तुमचा राऊटर देईल. पण ब्रिज करायचं तर तो राऊटर ठणठणीत पाहिजे, २०१८ चा चालणार नाही. आणि एक, त्या पांढऱ्या डब्याचं रिसेटचं बटण स्वतःहून दाबू नका, त्यात लाईन चालू व्हायची सेटिंग असते, ती गेली की ऑपरेटरचा माणूस येईपर्यंत नेट बंद, आणि तो रविवारी येत नाही.

तुमचा स्वतःचा राऊटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर मॉडेलचं नाव असतं आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात हार्डवेअर व्हर्जन, व्ही२, व्हर्जन ३.२ असं काहीतरी. हे बारीक अक्षर फार महत्त्वाचं आहे. एकाच नावाच्या राऊटरचे व्ही१ आणि व्ही३ आतून पूर्ण वेगळे असू शकतात, चिप वेगळी, मेमरी वेगळी, आणि एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला घातलं की राऊटर मेला म्हणून समजा. स्टिकरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, रात्री वाकून वाचत बसायला नको. मग कंपनीच्या भारतातल्या साईटवर सपोर्टमध्ये जाऊन ते मॉडेल आणि तेच व्हर्जन निवडायचं आणि शेवटच्या फर्मवेअरची तारीख बघायची. ही एक तारीख सगळं सांगते. गेल्या वर्षभरातली असेल तर अपडेट करा आणि निर्धास्त वापरा. तीन-चार वर्षांपूर्वीची असेल, किंवा मॉडेलपुढं एंड ऑफ लाईफ लिहिलं असेल, तर इथून पुढं सापडणारं प्रत्येक भोक त्या राऊटरमध्ये कायमचं उघडं राहणार, तुम्ही सेटिंग कितीही नीट करा. २०१८ ला घेतलेला म्हणजे मॉडेल त्याच्याही आधीचं असणार, त्यामुळं माझा अंदाज हाच की तुमचा याच गटात निघेल, आणि तसं निघालं तर बदलाच. चालतोय की अजून, असं मिस्टर म्हणतील. चालतोच, ताब्यात गेलेला राऊटर पण व्यवस्थित चालतो, तोच तर त्रास आहे.

भाच्याला हौस असेल तर ओपनडब्ल्यूआरटी नावाचं फुकट, उघडं फर्मवेअर आहे, २००४ पासून चालू आहे, कंपनीनं सोडून दिलेल्या बऱ्याच राऊटरना त्यानं पुन्हा अपडेट मिळायला लागतात. पण मॉडेल त्यांच्या यादीत पाहिजे, आणि ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमवाले जुने स्वस्त राऊटर नव्या आवृत्त्यांत बसत नाहीत. ज्या राऊटरवर घरातल्या दोघांचं काम चालतं त्याच्यावर हा प्रयोग नको, दुसऱ्या एखाद्या पडून असलेल्यावर करू द्या.

अपडेट करायचं असेल तर कसं. हल्ली मोबाईल अ‍ॅपमधून एका बटणावर होतं, तसं असेल तर तेच करा. नसेल तर फाईल फक्त कंपनीच्या साईटवरून, गुगलमध्ये शोधून तिसऱ्याच कुठल्या साईटवरून उतरवलेली कधीही नको. झिप असेल तर आधी उघडून आतली फाईल बाहेर काढा. लॅपटॉप वायरनं जोडा, वायफायवरून नको, मध्येच तुटलं तर पंचाईत. ब्राऊझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका, बहुतेकांचा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, जिओच्या डब्याचा १९२.१६८.२९.१, आकडे अर्थात इंग्रजीत टाकायचे. आधी सध्याच्या सेटिंगचा बॅकअप घ्या, आणि पीपीपीओईचं, म्हणजे ऑपरेटरच्या लाईनवर लॉगिन व्हायचं, युजरनेम-पासवर्ड वहीत लिहून ठेवा, हे ऑपरेटरनं दिलेलं असतं आणि हमखास कुणालाच सापडत नाही. मग फाईल निवडून अपग्रेड, आणि पाच-दहा मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. या वेळात लाईट गेली तर राऊटर अर्धवट राहतो आणि पुन्हा उठेलच असं नाही, म्हणून इन्व्हर्टरवर असेल तरच करा, आणि एप्रिल-मे महिन्यात आभाळ भरून आलेलं असताना, वळवाचा वारा सुटलेला असताना तर नकोच.

अ‍ॅपमध्ये ऑटो अपडेट असेल तर चालू करा. पण इथं एक गोष्ट आपल्याकडं फार होते, रात्री झोपताना राऊटरचं बटण बंद करायची सवय, आणि बऱ्याच कंपन्या ऑटो अपडेटची वेळ पहाटे तीन-चारची ठेवतात. म्हणजे सेटिंग चालू आहे, पण त्या वेळी राऊटर रोज बंदच, वर्षानुवर्षं अपडेट होतच नाही. वेळ बदलून दुपारची करा किंवा रात्री बंद करू नका.

रिस्टार्ट केल्यानं मालवेअर जातं का, हा पण नेहमीचा प्रश्न. बऱ्याच वेळा जातं, कारण ते नुसतं रॅममध्ये बसलेलं असतं, पण भोक तसंच असेल तर परत येतं. आणि सगळीच तशी नसतात. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचं उघड झालं, निदान ५ लाख उपकरणांत, लिंक्सिस, नेटगिअर, टीपी-लिंक, मायक्रोटिक सगळ्यांत, त्याचा पहिला टप्पा रिस्टार्ट केल्यावर पण टिकून राहायचा. म्हणून शंका असेल तेव्हा क्रम असा ठेवा, फॅक्टरी रिसेट, लगेच नवीन फर्मवेअर, लगेच नवीन अ‍ॅडमिन पासवर्ड, आणि मग इंटरनेटची वायर. जुना सेटिंगचा बॅकअप अशा वेळी परत टाकू नका, चोरानं केलेले बदल पण त्यात असतात, सगळं हातानं भरा.

सेटिंगचं थोडक्यात. अ‍ॅडमिन पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा, पाहुण्याला आपण वायफायचा देतोच. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून राऊटरचं पान उघडायची सोय, बंद. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय, बंद, त्याचा आठ आकडी पिन प्रत्यक्षात दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळं दहा कोटी नाही तर जास्तीत जास्त ११,००० वेळा प्रयत्न करून सापडतो, हे २०११ पासून माहीत आहे. वायफायच्या सुरक्षेत डब्ल्यूपीए३ असेल तर ते, जुना मोबाईल जोडत नसेल तर डब्ल्यूपीए२. यूपीएनपी, म्हणजे घरातली उपकरणं राऊटरमधून बाहेरचा रस्ता स्वतःच उघडून घेतात ती सोय, बंद करून बघा, मुलांचा गेम अडला तर ठरवा.

डीव्हीआरबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. कॅमेरे बाहेरून बघता यावेत म्हणून बसवणाऱ्यानं राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलेलं असतं, म्हणजे इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत रस्ता, आणि डीव्हीआरचं फर्मवेअर राऊटरपेक्षाही दुर्लक्षित असतं. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत असंच बिना लॉगिनचं भोक जाहीर झालं होतं. पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर ज्या नोंदी असतील त्या काढून टाका आणि कंपनीच्या अ‍ॅपवरून बघा, अ‍ॅपला त्याची गरज नसते. आणि शक्य असेल तर डीव्हीआर आणि स्मार्ट टीव्ही पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर, टॅलीचा कॉम्प्युटर मेन नेटवर्कवर.

कुणी म्हणेल आम्ही ऑपरेटरच्या नॅटच्या आड आहोत, म्हणजे एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून दिलेला, बाहेरून कोण येणार. हे बघायचं असेल तर ज्या डब्यात पीपीपीओई भरलेलं आहे त्याच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा, १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर खरंच तुम्ही सामायिक पत्त्याच्या आड आहात, आणि थेट हल्ले बरेच कमी होतात. पण पूर्ण थांबत नाहीत. त्याच ऑपरेटरच्या दुसऱ्या ग्राहकाचा बिघडलेला राऊटर आतूनच तुमच्यापर्यंत येऊ शकतो, आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, चालू असेल तर तो वेगळा रस्ता, आणि एखादी घाण साईट तुमच्याच ब्राऊझरकडून राऊटरला आज्ञा पाठवू शकते, अ‍ॅडमिन पासवर्ड डिफॉल्ट असेल तर ती लागू पण होते. शिवाय कॅमेऱ्यासाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, घेतलेला असेल तर हे सगळं संरक्षण गेलंच, तेवढं ऑपरेटरला विचारून घ्या.

नवीन घ्यायचा झाला तर दुकानदार अँटेना मोजून दाखवेल, तिकडं लक्ष देऊ नका. दुकानातच मोबाईलवर त्या मॉडेलचं सपोर्टचं पान उघडा आणि बघा, फर्मवेअर दर काही महिन्यांनी येतंय का, ऑटो अपडेट आहे का, डब्ल्यूपीए३ आहे का. हे तिन्ही असलेला वायफाय ६ चा साधा राऊटर घराला पुरतो, महागाचा लागत नाही. ऑनलाईन सेलमध्ये जुन्या मॉडेलचा उरलेला स्टॉक निम्म्या किमतीत असतो, तो घेऊ नका, त्याच्या अपडेटचं आयुष्य आधीच संपत आलेलं असतं.

आणि जुना राऊटर भंगारात किंवा कुणाला द्यायच्या आधी चालू करून रिसेटचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, सगळे दिवे एकदम लागून विझेपर्यंत, कारण त्यात तुमचा वायफाय पासवर्ड आणि पीपीपीओईचं लॉगिन दोन्ही राहिलेलं असतं. गावाकडच्या घरी लावू नका, तिथं पण तो त्याच भोकासकट जाणार.